बेटावर शिकवणाऱ्या बाई संध्याकाळी काय करतात?

भूगोलवाली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत नागपूरला आले आहे. दर सुट्टीत लोक पगाराच्याही आधी एकच विचारतात, "तिथं संध्याकाळी करता काय?" परवा गोकुळपेठ बाजारात संत्री निवडताना शेजारच्या काकूंनी पुन्हा तेच विचारलं. हातात पिशव्या, मागे स्कूटरचे हॉर्न, तिथं उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून सविस्तर इथं लिहिते.

मी मालदीवमधल्या एका छोट्या बेटावर सरकारी शाळेत भूगोल शिकवते. हे सहावं वर्ष. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पंचवीस मिनिटं, रस्ते पांढऱ्या वाळूचे. देशात अकराशेच्या वर बेटं, त्यातली वस्ती असलेली दोनशेच्या आसपास. शाळा सकाळी सातला. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणजे रविवारी सकाळी तुम्ही सगळे तर्री पोह्यांच्या गाडीवर असता तेव्हा मी फळ्यासमोर उभी असते.

पहिले चार महिने मी संध्याकाळी काहीच केलं नाही. शाळेतून यायचं, वरण-भात लावायचा, कडी घालायची आणि नागपूरला फोन. दाराबाहेर समुद्र आणि मी खोलीत बसून नागपूरच्या महाल भागातल्या चुलतभावाच्या लग्नाचे फोटो बघते आहे. रडूही यायचं. एकदा घरमालकिणीने दार वाजवलं. तिला हिंदी येतं, सगळं सिनेमातून शिकलेलं. म्हणाली, "मिस, कमरे में क्या रखा है? चलो." आणि मला बाशीच्या मैदानावर घेऊन गेली.

बाशी हा तिथल्या बायकांचा खेळ. मधे जाळी, दोन्हीकडे अकरा-अकरा जणी. जी चेंडू मारते ती जाळीकडे पाठ करून उभी राहते आणि टेनिसच्या रॅकेटने डोक्यावरून मागे फटका देते. पलीकडच्या बायकांनी तो उघड्या हातांनी झेलायचा. जुन्या काळी चेंडू नारळाच्या झावळीचा विणलेला असे, आता टेनिसचा असतो आणि चांगला सणसणत येतो. पहिल्याच आठवड्यात माझी करंगळी सुजली. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरींनी ते बोट पाहिलं आणि मला जाणवलं, आजपासून या आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघून राहिल्या आहेत. फळ्यावरची मिस आता त्यांच्या आयांच्या टीममधली होती.

बाशी संपली की धक्क्याजवळ जोलीत बसायचं. जोली म्हणजे लोखंडी चौकटीला दोरीची जाळी बांधलेली खुर्ची. आपण रेलून बसलो की जाळी पाठीचा आकार घेते. चार-सहा जोल्या एकाच चौकटीला ओळीने असतात, त्यामुळे शेजारचा हलला की आपणही हलतो. जवळच पुरुषांचा होळुआशि, बसायचा मांडव, आपल्याकडे गावात वडाचा पार असतो तसा. तिथं कॅरम चालतो, आणि कॅरम तिथं फार मन लावून खेळतात. मी लहानपणी वाड्यात भावांबरोबर खेळलेली, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्टाफ स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेले. मग किरुसाई, म्हणजे दुधाचा चहा, आणि सोबत हेधिका, म्हणजे तळणीचं खाणं. सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास बुडतो. विषुववृत्त इतकं जवळ की दिवस ना फारसा लांबतो ना आखडतो. नागपूरच्या मे महिन्यातली पावणेसातपर्यंत रेंगाळणारी संध्याकाळ मी तिथल्या मुलींना सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं.

तर काकू, संध्याकाळी मी हे करते.

गोकुळपेठकर

ताई, छान लिहिलंत. माझी मुलगी यंदा बी.एड. करते आहे, तिलाही वाचायला दिलं. दोन प्रश्न. तुम्ही शाकाहारी आहात का, मग खाता काय? आणि चारी बाजूंनी पाणी, भीती नाही वाटत?

भूगोलवाली

हो, शाकाहारी आहे आणि सुरुवातीला फार जड गेलं. तिथं सकाळची न्याहारी म्हणजे मस हुनि: टूना मासा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हाताने कुस्करून एकत्र, सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळीच, जरा जाड. घरमालकीण माझ्यासाठी माशाऐवजी कोवळा पाला बारीक चिरून तसंच कुस्करते, आणि खरं सांगते, त्याची सर आपल्या कुठल्या कोशिंबिरीला नाही. डाळ, तांदूळ, कांदे, बटाटे बोटीने येतात. समुद्र खवळला, बोट लांबली, की दुकानात कांदाही नाही. म्हणून मी माशांच्या रिकाम्या थर्मोकोलच्या खोक्यांत मेथी आणि कोथिंबीर लावते. नुसत्या वाळूत काही येत नाही; पालापाचोळा कुजवून माती करावी लागली, आठ महिने गेले त्यात. मेथीची पहिली जुडी निघाली त्या दिवशी शेजारच्या पाच घरी थोडी थोडी दिली.

भीतीचं म्हणाल तर, त्या देशाची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर उंच. माझ्या खांद्याएवढी. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी पाहिलेले लोक बेटावर आहेत, ते तो दिवस अगदी कमी शब्दांत सांगतात. मी घाबरते ते फक्त जून-जुलैत लहान बोटीने शेजारच्या बेटावर जाताना. तेव्हा सोबतची कुणीतरी बाई न बोलता माझा हात धरते.

सीताबर्डी_एक्सप्रेस

भूगोलाच्या बाई आहात म्हणून विचारतो. ज्या पोरांनी नदी पाहिली नाही, डोंगर पाहिला नाही, त्यांना नदी-डोंगर शिकवता कसे?

भूगोलवाली

या प्रश्नाची वाट बघत होते.

मालदीवमध्ये एकही नदी नाही. पहिल्या वर्षी मी फळ्यावर उगम, उपनदी, त्रिभुज प्रदेश असं सगळं काढलं आणि एका मुलाने विचारलं, "मिस, ते पाणी गोडं असतं तर मग समुद्राला का देऊन टाकतात?" त्याचं घर पावसाचं पाणी टाकीत साठवून पितं. त्याच्या दृष्टीने गोडं पाणी वाहू देणं म्हणजे धान्य सांडणं. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

नंतर ओहोटीच्या वेळी वर्ग किनाऱ्यावर नेला. ओहोटीला ओल्या वाळूतून पाणी परत समुद्राकडे पाझरतं, त्याच्या बोटभर रुंदीच्या ओहळी होतात. त्या वळणं घेतात, एकमेकींना मिळतात, खाली पंख्यासारख्या पसरतात. पोरं पोटावर पडून बघत होती. मी एका ओहळीला नाव दिलं नाग. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. प्रत्येक संगमावर एक एक पोर बसवलं. ज्याला "नाग" मिळाली तो आता दहावीत आहे आणि अजून मला विचारतो, "मिस, माझी नदी कशी आहे?" दर सुट्टीत नाग नदीच्या पुलावरून जाताना मला तो आठवतो. तिची आजची अवस्था त्याला कशी सांगावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डोंगराचं वेगळं झालं. तिथं सगळं पांढरं: वाळू पांढरी, जुन्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, त्याही पांढऱ्या. तिसऱ्या वर्षी मी सेमिनरी हिल्सच्या रस्त्याकडेचा मुठीएवढा काळा दगड बॅगेत घालून नेला. वर्गात टेबलावर ठेवला. एका मुलीने तो उचलला आणि जड लागला म्हणून लगेच दोन्ही हात लावले. मग तो रांगेतून फिरला. कुणी गालाला लावला, कुणी हुंगला.

मी त्यांना सांगितलं, हा तुमचाच दगड आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार ज्या लाव्हाने झालं, त्याचा उगम पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेत होता. भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग उठत गेली. आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस. ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. मालदीवचे ज्वालामुखी खचत बुडाले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिलं. ज्वालामुखी बुडतो आणि कड्याचं प्रवाळ वर राहतं, हे डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं. आज मालदीवच्या वाळूखाली सुमारे दोन किलोमीटर प्रवाळाचा चुनखडक आहे आणि त्याच्याखाली आपला हा काळा दगड.

पोरं बराच वेळ गप्प होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे मिस, तुम्ही बाहेरच्या नाहीत."

खडकवेडा

बाई, तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. मी भूशास्त्राचा जुना विद्यार्थी, म्हणून थोडी भर. नागपूर नेमकं या लाव्हाच्या काठावर बसलं आहे. पश्चिमेकडे बेसाल्ट, म्हणजे तुमचा तो काळा दगड, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. कामठीकडे गेलं की वालुकाश्म लागतो, त्या खडकांना जगभर कामठीच्याच नावाने ओळखतात. लाव्हाच्या दोन थरांमधे तळ्यांचा गाळ साचला, टाकळीजवळ त्यात जीवाश्म सापडले. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी ते गोळा करत. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ते ओढ्याच्या पुरात वाहून गेले. हिस्लॉप कॉलेजला नाव त्यांचंच आहे. पुढच्या खेपेला दगड निवडताना पोकळीत पांढरे स्फटिक असलेला घ्या. लाव्हातले वायूचे बुडबुडे गोठून ती पोकळी झालेली असते, पोरांना बघायला फार आवडेल.

वऱ्हाडीगडी

ताई, वाचून मन भरून आलं पहा. माझा बाप काटोलाकडं संत्र्याचा बगीचा पाह्यते. आमचं सारं नक्षत्रावर. मृग कोरडा गेला की घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. तुमच्या तिकडं पाऊस कसा असते? अन् समुद्रात जाणारे लोक नुसते मोबाइलवर हवामान पाह्यतेत का त्यांचंही काही जुनं गणित हाय?

भूगोलवाली

दादा, त्यांचं गणित तुमच्या बाबांचंच आहे!

वर्षाचे दोन भाग. ईशान्येचा कोरडा वारा तो इरुवई, नैऋत्येचा पावसाळी तो हुळंगु. पण कोळ्यांचं बारीक गणित 'नकाई'चं. नकाई म्हणजे नक्षत्र. एकूण २७, प्रत्येक १३-१४ दिवसांचं. कुठल्या नकाईत वारा कुठून, मासा कुठे, काय पेरायचं, हे सगळं त्यात.

ही गोष्ट मला आईमुळे कळली. आई ७४ वर्षांची, लग्नाआधी वर्ध्याकडच्या खेड्यात वाढलेली, अजून पंचांग रोज बघते. जूनमध्ये व्हिडिओ कॉल चालू होता. मी घरमालकिणीच्या आईशेजारी उंधोलीवर बसले होते. उंधोली म्हणजे आपला झोपाळाच, लाकडी फळी. तिथं धो धो पाऊस. आई म्हणाली, "इथं मृग लागला, पण थेंब नाही." आजींनी विचारलं, काय म्हणते? मी मोडक्या धिवेहीत, म्हणजे तिथल्या भाषेत, सांगितलं. आजी म्हणाल्या, "मियाहेलि." मला वाटलं त्या दुसरंच काही बोलत आहेत. मग त्यांनी बोटावर मोजायला सुरुवात केली: रोनु, मियाहेलि, अधा...

आई एकदम पुढे सरकली. रोहिणी, मृग, आर्द्रा. आई म्हणाली, "पुनर्वसू." आजी म्हणाल्या, "फुनोस." आई म्हणाली, "पुष्य." आजी म्हणाल्या, "फुस." मघा, मा. हस्त, अथ. मी मधून बाजूला झाले. सत्तावीसच्या सत्तावीस पूर्ण झाल्यावर दोघी हसत होत्या, आजींनी पदरासारखा डोक्यावरचा रुमाल तोंडाला लावला होता. तेव्हापासून आई फोन उचलल्यावर माझ्याआधी आजींची चौकशी करते. "पडतील मघा, नाहीतर ढगाकडे बघा" ही म्हण तिने मला त्यांना समजावून सांगायला लावली, त्यात अर्धा तास गेला.

मग मला तो नादच लागला. धिवेहीत आपल्या 'प'चा पुष्कळदा 'फ' होतो. पाणी ते फेन, पाय ते फाय. चांद ते हंदु. मास, म्हणजे महिना, तो मसच. द्वीपाचं धू झालं, ते बेटांच्या नावांच्या शेवटी दिसतं. आणि 'ळ' तिथं जागोजाग आहे! केरळच्या आणि तमिळनाडूच्या शिक्षकांना आणि मला तो सहज जमतो. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत 'अॅटॉल' (प्रवाळाच्या बेटांचं कडं) हा शब्द आहे, तो धिवेहीतल्या 'अतोळु'वरून गेला आहे. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे, थाना तिचं नाव; पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून केलेली. रात्री जेवण झालं की मी दोन ओळींची पाटी काढते. घरमालकिणीचा धाकटा तपासतो आणि चुकलं की लाल गोल काढतो, अगदी मी त्याच्या वहीत काढते तसा.

महालकर_आजोबा

बाई, तुम्ही मला पन्नास वर्षं मागे नेलंत. मी आणि माझी पत्नी १९७२ ते १९७८ इथिओपियात शिकवायला होतो, मी गणित, ती विज्ञान. तेव्हा तिकडे पुष्कळ भारतीय शिक्षक. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांची सत्ता गेली, ते दिवस आम्ही तिथंच काढले.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी सांगितलं, "दोन वाजता या." मी दुपारी दोनला गेलो तर शाळा संपत आलेली. तिकडे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. वर्षाचे महिने तेरा, नवं वर्ष सप्टेंबरात.

आमची करमणूक म्हणजे शेजारच्या घरची कॉफी. जमिनीवर हिरवं गवत पसरायचं, कच्च्या बिया आपल्यासमोर भाजायच्या, धूर प्रत्येकाच्या नाकापर्यंत न्यायचा, धूप लावायचा. कॉफी तीनदा: अबोल, तोना, बरका. तिसऱ्याआधी उठणं बरं दिसत नाही. दोन तास लागत. पत्नी मराठीत बोलायची, शेजारीण अम्हारिकमध्ये, आणि दोघींच्या सासरच्या तक्रारी एकमेकींना बरोबर कळायच्या. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. महालातल्या घरात तिचा कॉफीचा मातीचा जेबेना अजून फडताळात आहे. तुमचा धागा वाचून आज काढून पुसला.

भूगोलवाली

आजोबा, सुट्टी संपायच्या आत महालात येते. जेबेना बघायचा आहे, आणि आजींच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. तिसऱ्या कपापर्यंत उठणार नाही.

मारबतप्रेमी

सणवारांचं काय करता ताई? मला तर पुण्यात नोकरी असूनही तान्हा पोळ्याला, मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला घरी यावंसंच वाटतं.

भूगोलवाली

अवघड असतं. मूर्ती तिथं नेता येत नाही, सार्वजनिक पूजाही नाही, तो तिथला कायदा आहे आणि मी तो पाळते. गणपतीत सकाळी शाळेला निघण्याआधी आईच्या फोनवर आरती ऐकते.

पण ईदच्या दिवसांत तिथं बोडुमस निघतो. नारळाच्या झावळ्यांचा प्रचंड मासा, आत माणसं, तो समुद्राकडून येतो आणि गाव त्याला पकडायला धावतं. बोडुबेरु, म्हणजे मोठे ढोल, आधी संथ आणि मग असे चढत जातात की छातीत वाजतात. पाणी उडवतात एकमेकांवर. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला इतवारीतून येणारी पिवळी मारबत दिसली, आणि तोंडातून आपोआप "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" निघालं. शेजारच्या पोरींनी अर्थ विचारला. पुढच्या वर्षी त्या बोडुमसच्या मागे धावताना "गे मारबत" एवढंच ओरडत होत्या.

बीएडवाली_नागपूर

ताई, मी वरच्या गोकुळपेठकरांचीच मुलगी. जायचं असेल तर काय करावं?

भूगोलवाली

पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं साक्षांकित करून घे, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो, त्याला वेळ जातो. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. जाहिरात त्यांच्या शिक्षण खात्याची असेल तर थेट अर्ज कर. मला इथल्या एका एजंटाने पैसे घेऊन सात महिने झुलवलं होतं, ते पैसे बुडाले ते बुडालेच. करार नीट वाच: घरभाडं कोण देणार, तिकीट कुणाचं. पगार रुफियात मिळतो, डॉलर करून घरी पाठवायला कटकट होते, तेव्हा घरचे हप्ते त्या भरवशावर ठेवू नकोस. आणि कॅरमची पावडर इथून ने.

खडकवेडा

बाई, स्फटिकवाले दगड कुठे मिळतात ते मला माहीत आहे. कधी परत जाताय?

भूगोलवाली

दोन जानेवारीला. वर्गात २३ मुलं आहेत, या वेळी प्रत्येकाला एक एक दगड हवा आहे, निघताना यादी हातात दिली आहे. सामानाला तीस किलोंची मर्यादा, आईचा चिवडा आणि लोणचं धरून. तेव्हा दगड लहानच हवेत, पण हातात घेतल्यावर वजन कळेल इतके.

खडकवेडा

मग लिंबाएवढे बघू. रविवारी सकाळी सात वाजता सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी या, मी हातोडी आणतो.

वऱ्हाडीगडी

मी बी येतो. काटोलाहून संत्री आणतो, आईसाठी अन् त्या आजीसाठी. तिकडं नेऊ देतेत ना फळं?

भूगोलवाली

ते विचारून सांगते दादा. नाही नेऊ दिली तर रविवारी तिथंच सोलून खाऊ. सात वाजता, नक्की.